स्लॅबमधल्या नाण्याचा नंबर खरा निघाला, म्हणजे नाणंही खरं? सर्टिफिकेशन नंबर कसा वाचायचा आणि कसा तपासायचा

फेसबुकच्या नाणे संग्राहकांच्या ग्रुपवर किंवा व्हॉट्सॲपवर असे फोटो तुम्ही पाहिले असतील. पारदर्शक, कडक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत एक नाणं, वरच्या बाजूला छापील लेबल, त्यावर 'एमएस ६५' असं काहीतरी लिहिलेलं, शेजारी बारकोड आणि सात-आठ आकडी नंबर. खाली विकणाऱ्याचा मेसेज असतो : "सर्टिफाइड आहे. नंबर वेबसाइटवर टाकून बघा."

तुम्ही नंबर टाकता. वेबसाइटवर त्याच नाण्याचं नाव, तेच वर्ष आणि तीच ग्रेड दिसते. मग शंका कशाला घ्यायची, असं वाटतं आणि पैसे पाठवले जातात.

गफलत नेमकी इथे होते. त्या नंबरची नोंद कंपनीकडे आहे, एवढंच या तपासणीतून कळतं. तुमच्यासमोरचं नाणं त्याच नोंदीतलं आहे की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बनावट स्लॅब विकणारे नेमके त्यांच्यामधल्या फटीतून आत शिरतात.

हा नंबर आला कुठून, तो वाचायचा कसा, तपासायचा कसा आणि त्यावर किती विसंबायचं, ते समजून घेऊया.

नाण्यांना नंबर द्यायची गरज का पडली?

जुन्या नाण्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते : ते किती दुर्मीळ आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे. दुर्मिळतेचा अंदाज पुस्तकांतून घेता येतो. अवस्थेबद्दल मात्र विकणारा आणि घेणारा यांचं एकमत होणं अवघड. विकणाऱ्याला नाणं नेहमीच कोरं करकरीत दिसतं, घेणाऱ्याला त्यावरचा प्रत्येक ओरखडा दिसतो.

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. १ म्हणजे जेमतेम ओळखू येईल इतकं झिजलेलं नाणं आणि ७० म्हणजे निर्दोष. आज जगभर नाण्यांची ग्रेड सांगताना हीच मोजपट्टी वापरतात. व्यवहारात न फिरलेल्या, न झिजलेल्या नाण्यांना ६० ते ७० मधला आकडा मिळतो आणि त्याआधी 'एमएस' ही अक्षरं येतात. संग्राहकांसाठी खास पद्धतीने पाडलेल्या 'प्रूफ' नाण्यांना एनजीसी ही कंपनी 'पीएफ' लिहिते, तर पीसीजीएस ही कंपनी 'पीआर' लिहिते.

मोजपट्टी मिळाली, पण निवाडा करणारा तटस्थ माणूसही हवा होता. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये नाणी तपासून प्रमाणपत्र देणारी सेवा सुरू केली. तिचं नाव एएनएसीएस. सुरुवातीला ही सेवा नाणं खरं की खोटं एवढंच सांगायची, १९७९ पासून ती ग्रेडही देऊ लागली. प्रमाणपत्रावर नाण्याचा फोटो असायचा. अडचण एवढीच होती की प्रमाणपत्र एका पाकिटात आणि नाणं दुसऱ्या पाकिटात. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्या नाण्याला जोडणं अशक्य नव्हतं.

१९८६ मध्ये डेव्हिड हॉल आणि इतर काही नाणे व्यापाऱ्यांनी कॅलिफोर्नियात प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस म्हणजे पीसीजीएस सुरू केली. नाणं आणि लेबल दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायचं आणि लेबलवर नोंदीचा नंबर द्यायचा, ही पद्धत तिने रुळवली. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, जॉन अल्बानीज यांनी एनजीसी ही दुसरी कंपनी सुरू केली. तिचं मुख्यालय आता फ्लोरिडातल्या सारासोटा इथे आहे. सीलबंद डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणू लागले आणि तोच शब्द आपल्याकडेही रुळला.

थोडक्यात, नाणं आणि त्याचं प्रमाणपत्र यांची ताटातूट होऊ नये म्हणून स्लॅब आला, आणि कंपनीच्या दप्तरातल्या नोंदीपर्यंत पोचता यावं म्हणून नंबर आला.

हॉलमार्कच्या कोडपेक्षा हा नंबर वेगळा कसा?

सोन्याच्या दागिन्यावरचा एचयूआयडी आता बहुतेकांना माहीत आहे. अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा हा कोड थेट दागिन्यावर कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांच्या विक्रीसाठी तो सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो.

नाण्याच्या बाबतीत असं काहीही नाण्यावर कोरलेलं नसतं. कोरलं तर नाण्याची किंमतच जाईल. नंबर असतो तो लेबलच्या कागदावर, कागद प्लॅस्टिकच्या आत आणि त्याच प्लॅस्टिकमध्ये नाणं. म्हणजे नाणं आणि नंबर यांना बांधून ठेवणारा धागा एकच, तो म्हणजे न फोडलेला, खरा स्लॅब. प्लॅस्टिक नकली असेल किंवा फोडून पुन्हा चिकटवलेलं असेल, तर धागा तुटला. मग नंबर कितीही खरा असो, तो त्या नाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

जुनी मोटारसायकल घेताना आपण आरसी बुकातला चॅसिस नंबर गाडीच्या सांगाड्यावर शोधतो. नाण्याला चॅसिस नंबर नसतो. त्याऐवजी नाण्याच्या अंगावरच्या खुणा जुळवाव्या लागतात.

लेबल कसं वाचायचं?

उदाहरणासाठी अमेरिकेचा मॉर्गन डॉलर घेऊया. १८७८ ते १९०४ आणि नंतर १९२१ मध्ये पाडलेलं हे चांदीचं नाणं जगभर गोळा केलं जातं आणि त्याच्या नकलाही मोठ्या प्रमाणावर होतात.

पीसीजीएसच्या लेबलवर वर्ष, टांकसाळीची खूण, नाण्याचं मूल्य आणि ग्रेड लिहिलेली असते. अनेक लेबलांवर एक लांबलचक आकडा दिसतो. समजा तो असा आहे : ७१३०.६५/१२३४५६७८. लेबलवर हे अंक इंग्रजीत असतात. हा एक नंबर वाटला, तरी त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

• ७१३० हा नाण्याच्या प्रकाराचा क्रमांक. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत १८८१ मध्ये पाडलेल्या प्रत्येक साध्या मॉर्गन डॉलरला पीसीजीएसकडे हाच क्रमांक मिळतो. असे हजारो स्लॅब आहेत.
• ६५ ही ग्रेड.
• तिरक्या रेषेनंतरचा १२३४५६७८ हा सर्टिफिकेशन नंबर. त्या एका नाण्याच्या नोंदीचा क्रमांक हाच. पीसीजीएसचे नंबर सहसा सात किंवा आठ आकडी असतात. इथला आकडा फक्त समजावण्यासाठी घेतला आहे.

नवखे लोक अनेकदा पहिला भाग शोधतात आणि 'हाच नंबर दुसऱ्या स्लॅबवरही आहे, म्हणजे बनावट' असं म्हणतात. प्रकार क्रमांक सारखा असणं अगदी नॉर्मल आहे. सर्टिफिकेशन नंबर मात्र दोन वेगळ्या नाण्यांवर सारखा दिसला, तर त्यांतलं किमान एक संशयास्पद.

एनजीसीचा नंबर वेगळ्या पद्धतीचा असतो. मधे आडवी रेघ आणि शेवटी तीन अंक, उदाहरणार्थ १२३४५६७-००१. रेघेआधीचे अंक म्हणजे ती नाणी ज्या पावतीवर कंपनीकडे जमा झाली तिचा क्रमांक. रेघेनंतरचे तीन अंक म्हणजे त्या पावतीवरचा नाण्याचा क्रम. एकाच माणसाने एकाच वेळी दहा नाणी पाठवली, तर त्यांचे पहिले अंक सारखे येतात आणि शेवट ००१, ००२, ००३ असा होतो. त्यामुळे विकणाऱ्याकडच्या सगळ्या स्लॅबचे नंबर एकमेकांना लागून आले, तर फक्त तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. एनजीसीचीच सहयोगी कंपनी पीएमजी कागदी नोटांना ग्रेड देते, तिचेही नंबर साधारण याच धर्तीचे असतात.

काही स्लॅबवर हिरवा किंवा सोनेरी छोटा स्टिकर दिसतो. तो सीएसी या कंपनीचा. जॉन अल्बानीज यांनीच २००७ मध्ये ती सुरू केली. आधी ग्रेड मिळालेलं नाणं ही कंपनी पुन्हा पाहते आणि ते त्या ग्रेडला साजेसं वाटलं तर हिरवा स्टिकर लावते. सोनेरी स्टिकर म्हणजे नाणं लेबलवरच्या ग्रेडपेक्षाही सरस आहे, असं तिचं मत. स्टिकर खरा आहे का, हे तिच्या वेबसाइटवर स्लॅबचाच नंबर टाकून पाहता येतं. स्टिकर आहे पण तिच्या नोंदीत नंबर नाही, असं झालं तर तिथेच थांबा.

नंबर तपासायचा कसा?

पहिली गोष्ट म्हणजे वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. पीसीजीएस डॉट कॉम किंवा एनजीसीकॉइन डॉट कॉम असा. विकणाऱ्याने पाठवलेली लिंक उघडू नका. हुबेहूब दिसणारं खोटं पान बनवणं आज अवघड राहिलेलं नाही. स्लॅबवरच्या क्यूआर कोडलाही हाच नियम. कोड स्कॅन केल्यावर कोणता पत्ता उघडला, तो अक्षर न अक्षर वाचा.

नंतर 'सर्ट व्हेरिफिकेशन' किंवा 'व्हेरिफाय' या विभागात नंबर भरा. एनजीसीच्या पानावर नंबरासोबत ग्रेडही भरावी लागू शकते. कंपन्यांची मोबाइल ॲपही आहेत, त्यांत बारकोड स्कॅन करता येतो.

२०२० च्या सुमारास पीसीजीएसने स्लॅबमध्ये एनएफसी चिप बसवायला सुरुवात केली. अशा स्लॅबला फोन टेकवला की नोंद उघडते. लेबलची नक्कल करण्यापेक्षा चिपची नक्कल करणं कठीण, म्हणून हा चांगला उपाय आहे. मात्र त्यासाठी स्लॅब हातात हवा, फोटोवरून चिप तपासता येत नाही. शिवाय त्याआधीच्या लाखो स्लॅबमध्ये चिप नाहीच.

नोंद उघडल्यावर नाण्याचं वर्णन आणि ग्रेड दिसते. बऱ्याचदा त्या प्रकारच्या किती नाण्यांना आतापर्यंत ही ग्रेड मिळाली, तो आकडा आणि किमतीचा अंदाजही असतो. आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट वेगळी आहे : नाण्याचा फोटो. तो प्रत्येक नोंदीत नसतो, जुन्या स्लॅबच्या बाबतीत तर अनेकदा नसतो. पण असेल, तर खरी तपासणी इथून सुरू होते.

नोंद सापडली. आता काय काय जुळवायचं?

एक, लेबलवरची प्रत्येक गोष्ट. वर्ष, टांकसाळीची खूण, मूल्य, ग्रेड, ग्रेडपुढचं अधिकचं चिन्ह किंवा तारा. 'जवळपास जुळतंय' याला इथे अर्थ नाही. १८८१ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉर्गन डॉलरची संख्या होती सव्वा कोटीहून अधिक, त्यामुळे ते तुलनेने सहज मिळतं. त्याच टांकसाळीत १८९३ मध्ये पाडलेली नाणी होती फक्त १ लाख. ते झिजलेलं असलं तरी हजारो डॉलरला जातं. दोन्ही नाण्यांवर चेहरा तोच, गरुड तोच, टांकसाळीची 'एस' खूणही तीच. फरक फक्त सालाच्या शेवटच्या दोन अंकांचा.

दोन, लेबलवर लिहिलेलं आणि आतलं नाणं. हे सांगायला नको असं वाटेल, पण लेबल वाचून समाधान झालं की नाणं नीट पाहायचं राहून जातं. लेबलवर टांकसाळीची खूण आहे, तर नाण्यावर ती शोधा.

तीन, नाण्याच्या अंगावरच्या खुणा. मॉर्गन डॉलरसारखी मोठी नाणी पोत्यांत भरून नेली जायची. ती एकमेकांवर आपटून लिबर्टीच्या गालावर, मानेवर बारीक टवके आणि चरे पडायचे. प्रत्येक नाण्यावर त्यांची जागा वेगळी असते, जणू बोटांचे ठसेच. चांदी काळवंडल्याने आलेले रंगही असेच. नोंदीतल्या फोटोत गालावर तिरका चरा आहे आणि विकणाऱ्याच्या फोटोत गाल साफ आहे, तर ते नाणं वेगळं आहे. उलट दिशेने मात्र घाई करू नका. प्रकाश बदलला की बारीक चरे दिसेनासे होतात. म्हणून एखादी ठळक खूण धरा आणि दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो मागवा.

चार, प्लॅस्टिक. कडा पांढुरक्या झाल्यात का, तडे आहेत का, डिंकासारखं काही ओघळलंय का, लेबलवरची अक्षरं जाड किंवा पुसट आहेत का, होलोग्राम फिका आहे का? त्याच काळातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या स्लॅबशेजारी ठेवून पाहिलं तर फरक लवकर कळतो. कंपन्यांनी गेल्या काही दशकांत लेबलं आणि डब्या अनेकदा बदलल्या आहेत. त्यामुळे जुना स्लॅब नव्यासारखा दिसत नाही म्हणून तो खोटा, असं नसतं.

एक प्रकार इथे वेगळा काढायला हवा. ७० ग्रेडच्या आधुनिक नाण्यांवर, उदाहरणार्थ अमेरिकन सिल्व्हर ईगलवर, जुळवण्यासारखी खूणच नसते. निर्दोष असणं हीच त्या ग्रेडची अट. अशी हजारो नाणी एकमेकांसारखी असतात. तिथे फोटो जुळला याला फारसा अर्थ उरत नाही. मग स्लॅबचा खरेपणा आणि विकणाऱ्याची पत, या दोनच गोष्टी हातात राहतात.

नंबर खरा, तरी फसवणूक : ती होते कशी?

उसना नंबर. लिलावांच्या वेबसाइटवर खऱ्या स्लॅबचे स्पष्ट फोटो कुणालाही पाहता येतात. त्यांतला नंबर उचलायचा, तसंच लेबल छापायचं आणि नकली डबीत नकली नाणं भरायचं. २००८ च्या सुमारास पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही कंपन्यांना बनावट स्लॅबबद्दल ग्राहकांना जाहीर इशारा द्यावा लागला होता. एकच उसना नंबर अनेक नकली स्लॅबवर छापलेला असू शकतो. म्हणून नंबर कंपनीच्या वेबसाइटवर पाहिल्यावर गुगलवरही टाकून बघा. तोच नंबर वेगळ्या चऱ्यांच्या नाण्यासोबत दुसरीकडे दिसला, तर काय समजायचं ते उघड आहे.

उसना फोटो. सोशल मीडियावर हा प्रकार सगळ्यांत सोपा. इथे स्लॅबही खरा असतो, नाणंही खरं आणि नंबरही खरा. फक्त ते विकणाऱ्याकडे नसतं. फोटो दुसऱ्याच्या पोस्टवरून घेतलेला असतो. नंबर तपासून हा प्रकार कधीच पकडला जाणार नाही, उलट तपासणीमुळे तुमचा विश्वास वाढेल. यावर उपाय साधा आहे. कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून ती स्लॅबशेजारी ठेवून नवा फोटो मागा. त्याहून बरं म्हणजे व्हिडिओ कॉलवर स्लॅब दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवायला सांगा. जो टाळाटाळ करेल त्याला इसार देऊ नका.

बदललेलं नाणं. खरा स्लॅब कडेने उघडायचा, आतलं चांगलं नाणं काढून हलकं किंवा नकली बसवायचं आणि डबी परत चिकटवायची. इथेही नंबर खराच निघतो. पकडतो तो फोटो आणि पकडतात त्या डबीच्या कडा.

घरगुती कंपनी. डबी, लेबल, बारकोड, नंबर, एवढंच काय, नंबर तपासायची वेबसाइटसुद्धा कुणीही बनवू शकतं. नोंद उघडते, कारण ती विकणाऱ्यानेच भरलेली असते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! प्रश्न असा विचारायचा : ही ग्रेड दुसरे व्यापारी आणि लिलावगृहं मान्य करतात का? नाणं खोटं निघालं तर ही कंपनी भरपाईची हमी देते का? उत्तर नाही असेल, तर तो नंबर म्हणजे फक्त आकडे.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. नाणं स्लॅबमध्ये असल्याने ते काट्यावर ठेवता येत नाही. मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम असायला हवं हे माहीत असूनही उपयोग नसतो. सुटं नाणं निदान वजन, जाडी आणि चुंबक यांनी तपासता येतं. स्लॅबच्या बाबतीत तो सगळा भार नोंदीवर, फोटोवर आणि प्लॅस्टिकवर येतो.

नंबर काय सांगत नाही?

नंबर लहान आहे म्हणून नाणं दुर्मीळ ठरत नाही. फार तर ते आधी जमा झालं असेल.

नंबर मालकी सांगत नाही. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, इथे नसतं. स्लॅब चोरीचा आहे का, हे नोंद पाहून कळेलच असं नाही. म्हणून घेताना बिल घ्या आणि बिलावर सर्टिफिकेशन नंबर लिहून घ्या. तुमच्याकडे स्लॅब असतील तर नंबर आणि दोन्ही बाजूंचे फोटो वेगळे जपून ठेवा. चोरी झाल्यास पोलिस तक्रारीत 'चांदीचं जुनं नाणं' एवढंच लिहिण्यापेक्षा नंबर देणं कितीतरी उपयोगाचं.

नंबर किंमत ठरवत नाही. वेबसाइटवरचा आकडा अंदाज असतो. त्या भावाला गिऱ्हाईक मिळेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

आणि नंबर कायम जिवंतही राहत नाही. अनेक संग्राहक जास्त ग्रेडच्या आशेने स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात. त्याला नवा नंबर मिळतो. जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही, तर जुनी नोंद तशीच राहते. त्यामुळे एकच नाणं दोनदा मोजलं जातं आणि 'या ग्रेडची एवढी नाणी आहेत' हा आकडा फुगतो. शिवाय ते बेवारस लेबल चुकीच्या हाती पडू शकतं.

भारतीय नाण्यांचं काय?

ब्रिटिश काळातले रुपये, संस्थानांची नाणी, स्वतंत्र भारताची नाणी या कंपन्यांच्या स्लॅबमध्ये सर्रास दिसतात. नंबर तपासायची पद्धत तीच.

यात जास्तीत जास्त जपायला हवं ते १९३९ च्या रुपयाबाबत. सहाव्या जॉर्जचा चेहरा असलेला, मुंबईच्या टांकसाळीचा हा चांदीचा रुपया संग्राहकांमध्ये दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध आहे. १९३८ चा रुपया त्या मानाने खूप स्वस्त. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, फरक शेवटच्या एका अंकाचा. त्यामुळे अंक कोरून बदलण्याचा मोह होतो आणि नकली नाणीही फिरतात. असं नाणं सुटं घेण्यापेक्षा नामांकित कंपनीच्या स्लॅबमध्ये घ्यावं, हा सल्ला रास्त आहे. पण त्याच कारणाने नकली स्लॅबही याच नाण्याचे बनवले जाऊ शकतात, हे विसरू नका.

घरातलं जुनं नाणं ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवायचा विचार असेल, तर आधी कायदा पाहा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ नुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि त्यात नाण्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा वस्तूंची निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा सरकारने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते. म्हणजे आजोबांच्या पेटीतला १८६२ चा राणीछाप रुपया खासगी व्यक्तीने कुरिअरने अमेरिकेला धाडणं कायद्यात बसत नाही. १९३९ चा रुपया अजून या मर्यादेत आलेला नाही, २०३९ मध्ये येईल.

आणि ज्यांच्याकडे स्लॅब नाही, फक्त एक जुनी नोट किंवा नाणं आहे, त्यांच्यासाठी. 'तुमच्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी सर्टिफिकेट फी भरा' अशा जाहिरातींचा पूर सोशल मीडियावर असतो. काहीजण तर रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारांत पडत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुठल्याही संस्थेला तिने तसा अधिकार दिलेला नाही. सर्टिफिकेशनच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्या अनोळखी माणसाला एकच उत्तर : नको.

पैसे पाठवण्याआधी

• नंबर स्वतः टाइप केलेल्या वेबसाइटवर तपासा.
• नोंदीतल्या फोटोशी नाण्यावरची निदान एक ठळक खूण जुळवा.
• तोच नंबर गुगलवर आणि फोटो गुगल लेन्सवर शोधा.
• आजच्या तारखेच्या चिठ्ठीसह नवा फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागा.
• नाणं खोटं निघालं तर परत घेणार का, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲप मेसेजही चालेल, तो डिलीट करू नका.
• नोंदीत फोटो नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर जाणकार व्यापाऱ्याला स्लॅब प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका.

पैसे गेलेच, तर वेळ दवडू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीत व्यवहाराच्या तपशिलासोबत स्लॅबचा नंबर आणि विकणाऱ्याने पाठवलेले फोटोही जोडा. नंबर खरा आणि नाणं खोटं असेल, तर ज्या कंपनीच्या नावाने तो स्लॅब बनवला आहे तिलाही कळवा. तो नंबर आणखी कुणाला तरी पाठवला जात असण्याची शक्यता मोठी आहे.